मुद्रांक शुल्काची सवलत संपली तेव्हा: लाभ कोणाला, भार कोणावर

महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने २६ ऑगस्ट २०२० रोजी मालमत्तेच्या खरेदी-विक्रीवरील मुद्रांक शुल्कात तात्पुरती कपात मंजूर केली. १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० या चार महिन्यांत शुल्क ३ टक्क्यांनी कमी होणार होते आणि १ जानेवारी ते ३१ मार्च २०२१ या तिमाहीत २ टक्क्यांनी. मुंबईतला ५ टक्क्यांचा दर त्यामुळे आधी २ आणि मग ३ टक्के झाला, तर पुण्यातला ६ टक्क्यांचा दर आधी ३ आणि मग ४ टक्के. १ एप्रिल २०२१ रोजी जुने दर परत आले. टाळेबंदीत अडकलेल्या बांधकाम व्यवसायाला या निर्णयाने हात दिला, हे खरेच आहे. पण मुदत संपल्यावर भार कोणाच्या माथी आला हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागते.

मुंबई मुद्रांक अधिनियम १९५८ चा. पुढे त्याचे नाव महाराष्ट्र मुद्रांक अधिनियम झाले. सदनिकेचा करार पाच रुपयांच्या मुद्रांकावर करण्याची पद्धत दीर्घकाळ रूढ होती. १० डिसेंबर १९८५ पासून अशा करारालाही खरेदीखताप्रमाणे मूल्यावर आधारित शुल्क लागू झाले आणि घर घेणाऱ्या प्रत्येक कुटुंबाच्या खर्चात हा एक मोठा रकाना वाढला. पुढच्या काळात दर इतके चढले की २००५ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानात केंद्राने राज्यांना घातलेल्या अटींमध्ये मुद्रांक शुल्क ५ टक्क्यांपर्यंत खाली आणण्याचीही अट होती. महाराष्ट्रात मूळ दर ५ टक्क्यांवर स्थिरावला, मात्र त्यावर अधिभार चढत गेले. महापालिकांसाठी १ टक्का आला, मग मेट्रोसारख्या वाहतूक प्रकल्पांसाठी आणखी १ टक्का. २०१९ मध्ये हा दुसरा अधिभार मुंबईत लागू झाल्यावर तिथला दर ६ टक्के झाला आणि पुण्यात दोन्ही अधिभार धरून ७ टक्के.

पहिली तात्पुरती सवलत करोनाच्या टाळेबंदीआधीचीच आहे. ६ मार्च २०२० रोजी अर्थसंकल्प मांडताना अर्थमंत्री अजित पवार यांनी मुंबई व पुणे महानगर प्रदेश आणि नागपूर महापालिका क्षेत्रात शुल्क दोन वर्षांसाठी १ टक्क्याने कमी केले. त्यासाठी राज्य सुमारे १,८०० कोटी रुपयांच्या महसुलावर पाणी सोडणार होते. त्याच भाषणात पेट्रोल आणि डिझेलवर लिटरमागे १ रुपया वाढवण्यात आला, ज्यातून सुमारे १,५०० कोटी रुपये अपेक्षित होते. हा पैसा हरित निधीसाठी असल्याचे सांगितले गेले, त्यामुळे एका रकमेने दुसरी भरून काढली असे सरळ म्हणता येणार नाही. तरी घरखरेदीवरच्या कपातीला मुदत होती आणि इंधनावरच्या वाढीला नव्हती, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १ जून २०२० पासून इंधनावर आणखी २ रुपये वाढले. त्याआधी ४ मे रोजी वित्त विभागाने विकासकामांचा निधी ३३ टक्क्यांपर्यंत मर्यादित केला होता आणि आरोग्यासारखी क्षेत्रे वगळता नवी नोकरभरती थांबवली होती. ऑगस्टमधली मोठी कपात अशा रिकाम्या तिजोरीतून दिली गेली.

ती देण्याची पद्धतही पाहण्यासारखी आहे. मुद्रांक अधिनियमाच्या कलम ९ नुसार शासनाला राजपत्रात अधिसूचना काढून शुल्क कमी वा माफ करता येते. विधिमंडळात विधेयक आणावे लागत नाही. निर्णय झटपट होतो आणि अधिसूचनेतली तारीख उलटली की सवलत आपोआप संपते. लाभ कोणाला द्यायचा आणि किती किमतीच्या घरापर्यंत द्यायचा, यावर सभागृहात चर्चा होण्याचा प्रसंगच येत नाही.

माझ्या मते या निर्णयातली सर्वांत मोठी उणीव इथेच होती, कारण महाराष्ट्राच्या कपातीला किमतीची कमाल मर्यादा नव्हती. ५० लाखांच्या घरामागे ३ टक्के म्हणजे दीड लाख रुपये वाचले आणि १० कोटींच्या घरामागे ३० लाख. त्याच वर्षी कर्नाटकाने दिलेली सवलत ३५ लाखांपर्यंतच्या घरांपुरती होती. नंतर ती मर्यादा ४५ लाखांवर नेण्यात आली. ब्रिटनने जुलै २०२० मध्ये इंग्लंडमधील घरांसाठी करमुक्तीची मर्यादा ५ लाख पौंडांवर नेली, पण त्यामुळे कोणाचाही लाभ १५ हजार पौंडांपलीकडे जाणार नव्हता. महाराष्ट्रात मात्र घर जितके महाग तितकी सरकारी मदत मोठी, असा हिशेब झाला.

मुदतीचा लाभही सर्वांना सारखा मिळाला नाही. शुल्क भरून करारावर सह्या झाल्या की दस्त नोंदणीसाठी हजर करायला नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम २३ नुसार चार महिने मिळतात. म्हणून ३१ डिसेंबरच्या आत चलन भरून सह्या करून ठेवायच्या आणि नोंदणी नंतर सवडीने करायची, हा मार्ग खुला होता. तो ज्यांच्या हाती रोकड होती, ज्यांचे कर्ज मंजूर झालेले होते, ज्यांच्याकडे कागद सांभाळणारा वकील होता, त्यांच्या उपयोगी पडला. ज्यांचे पगार टाळेबंदीत कापले गेले, ज्यांचे कर्जप्रकरण बँकेत अडकले किंवा ज्यांच्या मालमत्तेच्या वारसा हक्काचा निकाल लागायचा होता, त्यांना तारीख गाठता येणे शक्य नव्हते. मुंबई शहर व उपनगरांत सप्टेंबर २०२० मध्ये साडेपाच हजारांच्या आसपास दस्त नोंदले गेले होते, तर डिसेंबरमध्ये तो आकडा १९ हजारांच्या वर गेला. दुय्यम निबंधक कार्यालयांबाहेर, संसर्गाची भीती असतानाही, लोक टोकन घेऊन तासन् तास थांबले. मे २०२१ मध्ये संख्या पुन्हा सव्वापाच हजारांच्या घरात आली. दुसऱ्या लाटेचे निर्बंध हे त्यामागचे एक कारण होतेच, पण पुढच्या महिन्यांतली बरीच खरेदी सवलतीने आधीच ओढून घेतली होती, हे दुसरे.

बांधकाम व्यावसायिकांचा लाभ दुहेरी होता. पडून असलेली घरे विकली गेली आणि त्यांच्यावरच्या व्याजाचा भार हलका झाला. नरेडको या संघटनेच्या महाराष्ट्रातील सदस्यांनी तर उरलेले शुल्क स्वतः भरून ‘शून्य मुद्रांक शुल्क’ जाहीर केले. ६ जानेवारी २०२१ रोजी बांधकाम क्षेत्राला उभारी देण्यासाठी नेमलेल्या दीपक पारेख समितीच्या शिफारशीनुसार बांधकाम अधिमूल्यात, म्हणजे बांधकाम परवानगीसाठी विकासकाला भराव्या लागणाऱ्या रकमेत, ५० टक्के सवलत देण्यात आली. मात्र ती घेणाऱ्या विकासकाने ग्राहकाचे मुद्रांक शुल्क भरावे, अशी अट घातली गेली. अट स्वागतार्ह होती, परंतु विकासक तीच रक्कम घराच्या दरात धरणार नाही याची हमी कोणत्याही अधिसूचनेला देता येत नाही.

राज्याचे मुद्रांक व नोंदणी उत्पन्न २०१९-२० मध्ये सुमारे २९ हजार कोटी रुपये होते. २०२०-२१ मध्ये ते सुमारे २५ हजार कोटींवर आले आणि २०२१-२२ मध्ये ३५ हजार कोटींच्या वर गेले. सवलतीने बाजार सावरला म्हणून पुढे महसूल वाढला, असे समर्थक म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. पण वाढलेला महसूल भरला कोणी, हेही विचारायला हवे. तो पूर्ण दराने शुल्क भरणाऱ्या नंतरच्या खरेदीदारांनी भरला, आणि सवलतीच्या काळात ओसंडून वाहिलेल्या मागणीनंतर विकासकांना दर उतरवण्याची फारशी निकड उरली नव्हती.

१ एप्रिल २०२१ पासून केवळ महिलांच्या नावे होणाऱ्या घरखरेदीला १ टक्का सूट मिळाली. राजमाता जिजाऊ गृहस्वामिनी योजना या नावाने ती जाहीर झाली. पंधरा वर्षे ते घर पुरुषाला विकता येणार नाही, अशी तिची अट होती आणि ती २०२३ मध्ये काढण्यात आली. या सवलतीला संपण्याची तारीख नाही, त्यामुळे ती घेण्यासाठी कोणालाही धावाधाव करावी लागत नाही. मला ती म्हणूनच अधिक न्याय्य वाटते.

एक वर्षानंतर, ३१ मार्च २०२२ रोजी, मार्च २०२० मधली १ टक्क्याची दोन वर्षांची सवलतही संपली. १ एप्रिलपासून मुंबईत ६ टक्के आणि पुण्यात ७ टक्के दर पुन्हा लागू झाला. त्याच दिवसापासून रेडीरेकनरचे, म्हणजे शुल्क मोजण्यासाठी सरकारने ठरवलेले मालमत्तेचे दरही राज्यात सरासरी सुमारे ५ टक्क्यांनी वाढवण्यात आले, म्हणजे टक्का वाढला आणि टक्का ज्या किमतीवर मोजायचा तीही वाढली. मुंबईत डिसेंबर २०२० मध्ये एक कोटीच्या सदनिकेवर २ लाख रुपये शुल्क भरावे लागत होते. एप्रिल २०२२ मध्ये तेवढ्याच किमतीच्या सदनिकेसाठी ६ लाख रुपये भरावे लागले. शुल्काची ही रक्कम गृहकर्जात सहसा धरली जात नाही, त्यामुळे ती पहिले घर घेणाऱ्या कुटुंबाच्या शिलकीतूनच जाते.