वर्गातील हस्तकाम आणि अवधान

शिकवणे चालू असताना किंवा त्याला जोडून मुलांच्या हाती विणकाम, भरतकाम, सूतकताई, कागदकाम असे काही देऊन त्यांचे लक्ष टिकवण्याची पद्धत. यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. एकीत हस्तकाम हाच पाठ असतो. दुसरीत कान शिक्षकाकडे आणि हातांना नुसता चाळा. एकाग्रतेचे आजचे दावे बहुधा दुसरीबद्दलचे असतात, दाखले मात्र पहिलीचे दिले जातात.

पहिलीचा इतिहास मोठा आहे. फ्रेडरिक फ्रॉबेल यांच्या बालोद्यानात मुले कागदाच्या पट्ट्या विणत, घड्या घालत. युनो सिग्नेयस यांच्या पुढाकाराने १८६६ मध्ये फिनलंडच्या लोकशाळांत हस्तकाम अभ्यासक्रमात आले. स्वीडनमध्ये नेस येथे शिक्षक घडवणारे ओटो सालोमन यांनी तर अवधान आणि चिकाटीची सवय हे हस्तकामाचे उद्दिष्ट म्हणून नोंदवले. १९१९ मध्ये स्टुटगार्टला सुरू झालेल्या वॉल्डॉर्फ शाळेच्या परंपरेत मुलगे-मुली दोघेही विणायला शिकतात. १९३७ च्या वर्धा परिषदेतून आलेल्या नई तालीममध्येही, म्हणजे गांधीजींच्या शिक्षणपद्धतीतही, सूत कातायची टकळी होती, पण तिथे भर उद्योगातून विषय शिकवण्यावर आणि स्वावलंबनावर होता.

दुसऱ्या प्रकारामागचा तर्क असा: ऐकणे कंटाळवाणे झाले की मन दिवास्वप्नांत शिरते. हातांचे सोपे, तेच ते काम मनाला तेवढे भटकू देत नाही. मात्र काम अंगवळणी पडलेले हवे. नुकतेच टाके शिकलेल्या मुलाचे सगळे लक्ष सुईतच असते. नक्षीचे टाके मोजावे लागत असतील, तर मनातली मोजणी आणि शिक्षकाचे बोलणे एकमेकांच्या आड येतात. म्हणून गोष्ट, प्रकटवाचन, चर्चा यांना हे चालते. फळ्यावरच्या भूमितीला किंवा टिपणे घेताना चालत नाही.

पुरावा म्हणून मानसशास्त्रज्ञ जॅकी अँड्रेड यांचा २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग हटकून सांगतात. कंटाळवाणा ध्वनिमुद्रित निरोप ऐकताना कागदावरचे आकार रंगवत बसलेल्यांना इतरांपेक्षा २९ टक्के अधिक तपशील आठवला. पण सहभागी ४० जण प्रौढ होते आणि त्यांच्या हातात लोकर नव्हती. त्यावरून शाळकरी मुलांच्या विणकामाचा निष्कर्ष काढणे घाईचे. २०१७ मध्ये गाजलेल्या फिजेट स्पिनरचा, म्हणजे बोटांत धरून फिरवायच्या चक्रीचा, अनुभव उलटच आहे: काही अभ्यासांत त्याने लक्ष आणि स्मरण कमीच झाले. फिरते चाक नजर ओढून घेते, हे त्याचे एक संभाव्य कारण.

प्रत्यक्षात बोटांवरचे विणकाम, जाड कापडावरचा धावदोरा, लोकरीची वेणी अशी न बघता करता येणारी कामे सोयीची. ती आधी वेगळ्या तासाला पक्की करून घ्यावी लागतात. कात्री, सुईत दोरा ओवणे, सुटलेला टाका उचलणे ही कामे मधल्या वेळेसाठी ठेवतात. मुले गप्प बसली म्हणजे ऐकत आहेत असे नाही, त्यामुळे अधूनमधून प्रश्न विचारणे भाग पडते. उत्तरे सतत चुकू लागली तर त्या मुलाला सोपे काम देतात किंवा काम काढूनच घेतात.