सोडलेल्या मॅनेटीच्या मागावर

फ्लोरिडाच्या खाड्यांत होडी चालवणाऱ्यांना अधूनमधून पाण्यावर एक नळकांडे तरंगताना दिसते. ते प्रवाहाबरोबर वाहून जात नाही. कधी उलट दिशेने सरकते, मध्येच बुडते, पुन्हा वर येते. बिचारे जनावर दोरात अडकले आहे असे समजून तो दोर कापायला धावणारे भले लोकही असतात. तसे करू नका, असे तिथल्या वन्यजीव खात्याला पुन्हा पुन्हा सांगावे लागते. नळकांड्यात ट्रान्समीटर असतो आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला चार-पाचशे किलोचा मॅनेटी, म्हणजे पाण्यातच राहणारा एक शाकाहारी सस्तन प्राणी, समुद्रगवत चरत असतो. बहुतेकदा तो कुठल्या तरी उपचारकेंद्रात काही महिने किंवा काही वर्षे काढून आलेला असतो.

मॅनेटीला कायद्याचे संरक्षण बरेच जुने आहे. फ्लोरिडाने पहिला कायदा १८९३ मध्येच केला होता. पण एक मॅनेटी दुसऱ्यापासून वेगळा ओळखायचा कसा, हा प्रश्न पुढे अर्धे शतक कोणी फारसा विचारलाच नाही. उत्तर दिले ते बोटींनी. जोसेफ कर्टिस मूर या निसर्गतज्ज्ञाने मायामी नदीत थंडीत जमणारे मॅनेटी त्यांच्या पाठीवरच्या व्रणांवरून ओळखायला सुरुवात केली. बोटीच्या पंख्याने झालेली जखम भरते, पण खूण राहते, आणि प्रत्येकाची खूण निराळी. १९६० च्या दशकाच्या शेवटी डॅनियल हार्टमन यांनी क्रिस्टल रिव्हरच्या नितळ झऱ्यांत उतरून हेच काम बारकाईने केले. पुढे गेन्सव्हिलच्या सायरेनिया प्रकल्पाने, म्हणजे मॅनेटींवर संशोधन करणाऱ्या गटाने, अशा व्रणांच्या छायाचित्रांचा मोठा संग्रह उभा केला आणि तो आजही वापरात आहे. ज्या इजेने प्राणी मरतो तिच्याच आधाराने वाचलेल्यांची ओळख पटवायची, ही या शास्त्राची सुरुवात. तिच्यातला कडवटपणा या क्षेत्रातल्या कोणालाही वेगळा सांगावा लागत नाही.

छायाचित्राची अडचण अशी की प्राणी दिसला तरच उपयोग. मधल्या काळात तो कुठे गेला ते कळत नाही. म्हणून १९७० च्या दशकात रेडिओचे प्रयोग सुरू झाले. मॅनेटीला मान अशी नाहीच, त्यामुळे गळपट्टा बांधायची सोय नाही. शेपटीच्या मुळाशी मात्र शरीर निमुळते होते, तिथे पट्टा बसतो. सेंट जॉन्स नदीच्या गोड्या पाण्यात पट्ट्यावरच्या ट्रान्समीटरचा आवाज पकडता येई. खाऱ्या पाण्यात तो गडप होई, कारण खारे पाणी रेडिओ लहरी शोषून घेते. आणि मॅनेटी वर्षातला बराच काळ खाऱ्या पाण्यातच असतो.

तोडगा साधाच निघाला. ट्रान्समीटर शेपटीवर ठेवायचाच नाही. पट्ट्याला लवचिक नायलॉनची लांब काडी जोडायची आणि तिच्या टोकाला तरंगते नळकांडे. प्राणी उथळ पाण्यात असला की नळकांडे पृष्ठभागावर येते आणि संदेश जातो. गॅलन रॅथबन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात ही रचना पक्की केली. काडीत मुद्दाम एक कच्चा दुवा ठेवलेला असतो. नळकांडे खारफुटीच्या मुळांत अडकले, किंवा मगरीने जबड्यात धरले, तर तो दुवा तुटतो आणि प्राणी मोकळा होतो. पट्ट्यातही काही काळाने गंजून सुटणारा भाग असतो. म्हणजे हे यंत्र हरवण्यासाठीच बनवलेले आहे. त्याच दशकाच्या मध्यात ट्रान्समीटरचे ठिकाण टिपणाऱ्या आर्गोस उपग्रहांची जोड मिळाली आणि किनाऱ्याने अँटेना घेऊन फिरण्याची सक्ती संपली. जीपीएस त्यानंतर आले.

या यंत्राने काय साधले ते चेसीच्या गोष्टीत दिसते. १९९४ च्या उन्हाळ्यात एक नर मॅनेटी मेरीलँडच्या चेसापीक उपसागरात पोहोचला. पाणी गार होऊ लागले तरी तो परत फिरेना. ऑक्टोबरमध्ये त्याला पकडून बाल्टिमोरच्या मत्स्यालयात ठेवले, तटरक्षक दलाच्या विमानाने फ्लोरिडाला नेले आणि पट्टा बांधून सोडले. वाट चुकलेला प्राणी घरी पोहोचवला, अशीच सगळ्यांची समजूत होती. पुढच्या उन्हाळ्यात तो पुन्हा उत्तरेला निघाला. या वेळी चेसापीकही मागे टाकून, न्यूयॉर्कवरून ऱ्होड आयलंडपर्यंत गेला. उपग्रहावर ठिपका पुढे सरकत होता आणि वर्तमानपत्रे त्याची खबर देत होती. परतताना कनेटिकटजवळ नळकांडे सुटले, आणि थंडीच्या आधी चेसी आपला आपण दक्षिणेकडे गेला. तो चुकला नव्हता. त्याला तिकडेच जायचे होते. पट्टा नसता तर पहिल्या वर्षीची ‘सुटका’ हाच या कथेचा शेवट ठरला असता.

चेसी पुढे २००१ मध्ये व्हर्जिनियात आणि २०११ मध्ये मेरीलँडमध्ये दिसला. दोन्ही वेळा ओळख पटली ती व्रणांवरून.

आजारी प्राणी बरे करून सोडण्याचे काम फ्लोरिडात १९७० च्या दशकापासून चालू आहे. २००१ पासून त्यासाठी सरकारी खाती, मत्स्यालये, प्राणीसंग्रहालये आणि संशोधन संस्था एकत्र काम करतात. सोडलेल्या प्रत्येकाला पट्टा लागत नाही. लाल भरतीच्या, म्हणजे समुद्रात माजणाऱ्या विषारी सूक्ष्म शेवाळाच्या, विषाने गुंगलेला प्रौढ मॅनेटी लवकर सावरतो आणि जिथे सापडला तिथेच सोडला की आपली वाट धरतो. काळजी असते ती अनाथ पिल्लांची. मॅनेटीचे पिल्लू वर्ष-दोन वर्षे आईबरोबर राहते आणि चारा कुठे, गोडे पाणी कुठे, थंडीत ऊबदार पाणी कुठे हे तिच्या मागे फिरून शिकते. पाणी २० अंश सेल्सियसच्या खाली बराच काळ राहिले तर हे अवाढव्य जनावर गारठून मरू शकते. ऊबदार जागा म्हणजे नैसर्गिक झरे किंवा वीजकेंद्रांतून बाहेर पडणारे गरम पाणी, आणि या जागा मोजक्याच आहेत. बाटलीवर वाढलेल्या, कधी कधी थेट ओहायोतल्या प्राणीसंग्रहालयात मोठ्या झालेल्या पिल्लाला त्या कोण दाखवणार?

म्हणून अशी पिल्ले सुमारे २७० किलोंची झाल्यावर, शक्यतो थंडीत, ऊबदार पाण्यात जमलेल्या कळपाजवळ सोडतात. एक जागा तरी लक्षात राहावी आणि कळपाबरोबर वसंतात बाहेर पडता यावे, हा हेतू. त्यानंतर साधारण वर्षभर पाळत असते. खरी परीक्षा पुढच्या हिवाळ्यात होते, आपण होऊन तो ऊबेला परत येतो की नाही.

उपग्रह ठिकाण सांगतो, प्रकृती सांगत नाही. त्यासाठी माणसे होडीतून जाऊन प्राणी डोळ्यांनी पाहतात. चरतोय का, इतरांबरोबर आहे का, बरगड्यांपाशी खपाटीला गेलाय का, हे टिपतात. अधूनमधून जाळे टाकून पकडतात, वजन करतात, रक्त घेतात. घसरण दिसली तर उचलून परत केंद्रात आणतात. आपल्याकडे कोकणात २०२२ मध्ये वेळास, आंजर्ले, गुहागरच्या ऑलिव्ह रिडले कासवांच्या पाठीवर ट्रान्समीटर बसवले तेव्हा यंत्रणा उपग्रहाचीच होती, पण काम निराळे. त्यांतली ‘प्रथमा’ नावाची कासवीण समुद्रात गेली की आपण नुसते बघणारे. मॅनेटीच्या बाबतीत बघण्याला अर्थ येतो तो परत आणता येते म्हणूनच.

सगळ्यांनाच सोडता येते असेही नाही. १९४८ मध्ये टाकीत जन्मलेला स्नूटी ब्रेडेंटनच्या संग्रहालयात ६९ वर्षांचा होऊन २०१७ मध्ये वारला. आयुष्यभर माणसाच्या हातून खाल्लेल्याला खाडीत सोडणे म्हणजे त्याला मारणेच झाले असते.

२०२१ मध्ये या व्यवस्थेवर मोठा ताण आला. इंडियन रिव्हर लगूनमध्ये सांडपाणी आणि खतांमुळे शेवाळ माजले, समुद्रगवत मेले आणि त्या एका वर्षात फ्लोरिडात सुमारे ११०० मॅनेटी दगावले, त्यांतले कितीतरी भुकेने. पुढच्या हिवाळ्यात सरकारने केप कॅनाव्हेरलच्या वीजकेंद्राजवळ चक्क लेट्यूसची पाने पाण्यात टाकली. त्याच २०२१ सालाच्या सुरुवातीला चेसीही खंगलेल्या अवस्थेत सापडला. ऑरलँडोत उपचार करून मे महिन्यात त्याला सोडले ते पुन्हा पट्टा बांधूनच. तोपर्यंत प्रश्नही बदलला होता. प्राणी रानात टिकेल का, एवढेच विचारून भागेना; तिथे चारा उरला आहे का, हेही बघावे लागत होते.

फ्लोरिडाची पद्धत इतरांनी जशीच्या तशी उचलली नाही. प्वेर्तो रिकोत १९९४ मध्ये मोइसेस नावाचा अनाथ मॅनेटी सोडला आणि त्याच वर्षी ब्राझीलने अलागोआसच्या किनाऱ्यावर आस्त्रो आणि लुआ यांना सोडले. तिथे गारठ्याची भीती नाही. होड्या, जाळी आणि माणसांची सलगी हे धोके आहेत. ॲमेझॉनच्या मॅनेटीचे गणित आणखी वेगळे. तिथे पूर आणि अवर्षण यांच्या चक्राबरोबर नदी महिनोन्‌महिने जागा बदलते. ब्राझीलमधल्या ॲमेझॉनकाठच्या मानौस शहरातल्या संशोधकांनी २००८ च्या सुमारास थेट टाकीतून नदीत सोडलेल्या प्राण्यांचा अनुभव निराशाजनक ठरला. मग त्यांनी मधला एक टप्पा घातला. आधी मोठ्या तळ्यात ठेवून गढूळ पाणी आणि स्वतः चारा शोधणे अंगवळणी पडू द्यायचे, नंतरच पट्टा बांधून नदीत. पाळतीचे काम त्यांनी नदीकाठच्या गावकऱ्यांनाही सोबत घेऊन केले आणि त्यांत पूर्वी मॅनेटीची शिकार करणारेही होते. गढूळ पाण्यात त्याचा माग काढणे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाला येत नाही.