खोल पाणी माणसाला जास्त उचलतं का?

"पाणी जितकं खोल, तितकं ते माणसाला वर उचलतं, म्हणून खोल तलावात वेगानं पोहता येतं." उन्हाळ्यात बेळगाव-खानापूरकडच्या ग्रुपांवर हे हमखास फिरतं. पाठीला डबा बांधून विहिरीत शिकलेल्या आम्हालाही ते खरंच वाटायचं.

उचल ठरते ती अंगानं किती पाणी बाजूला सारलं आणि ते पाणी किती दाट आहे यावर. तळ 5 फुटांवर की 50, याचा संबंध नाही. अर्धी भरून बूच लावलेली बाटली आधी बादलीत सोडा, मग त्याच पाण्याच्या विहिरीत. दोन्हीकडे सारखीच बुडेल.

मग खोल तलाव वेगवान का? हातपाय मारले की पाणी ढवळतं. उथळ तलावात ती ढवळ तळावर आपटून पोहणाऱ्याकडे परत येते. खोली दोनेक मीटरच्या पुढे गेली की हा त्रास बराच कमी होतो. काठावरून ओसंडणारं पाणी घेणारी पन्हळ आणि लेनच्या चकत्यांच्या दोऱ्याही लाटा गिळतात. त्या दोऱ्या निव्वळ शोभेच्या नव्हेत!

विहीर खोल खरी, पण दगडी भिंती अगदी जवळ. दोघातिघांनी एकदम उड्या मारल्यावर काठावरून बघा: लाट भिंतीवर आपटते, उलटी फिरते आणि थेट पोहणाऱ्याच्या नाकातोंडात.