स्पेसमधला कॅमेरा हलायला कधी लागला?

दोन माणसं टेबलापाशी उभी राहून नुसती बोलतायत आणि कॅमेरा मात्र त्यांच्याभोवती गरगर फिरतोय, बघून डोकं दुखायला लागतं, ही तक्रार 2017 ला स्टार ट्रेक डिस्कव्हरी ही स्पेसमधली सिरीयल आली तेव्हापासून खूप ऐकू येते. तिरक्या फ्रेम्स, उलटा होऊन मग सरळ होणारा कॅमेरा, स्क्रीनभर फ्लेअरच्या, म्हणजे लेन्सवर थेट उजेड पडून उमटणाऱ्या, रेघा, सगळंच आहे त्यात. पण ही सवय काही एकदम लागलेली नाही, आणि सुरुवातीला तर तिच्यामागे खूप चांगलं कारण होतं.

1966 च्या मूळ स्टार ट्रेकमध्ये कॅमेरा हलायचा तो जहाजावर मारा झाला की. कॅमेरा तिरका व्हायचा आणि नट मंडळी एका बाजूला अंग झोकून द्यायची, बास. बाहेरून दिसणारं जहाज मात्र नेहमी संथ, कारण ते खऱ्या जहाजाचं बनवलेलं मॉडेल असायचं. पुढे 1977 च्या स्टार वॉर्ससाठी जॉन डायकस्ट्रा यांच्या टीमने मोशन कंट्रोल पक्कं केलं, म्हणजे रुळावरचा कॅमेरा जो मशीन चालवतं, आणि 1987 च्या स्टार ट्रेक नेक्स्ट जनरेशन या सिरीयलमध्येही तेच तंत्र होतं. त्यात एकच शॉट अनेकदा घ्यायचे, एकदा जहाजाची बॉडी, एकदा खिडक्यांचे दिवे, एकदा इंजिनाचा उजेड, आणि हे सगळे थर एकमेकांवर बरोब्बर बसायचे तर कॅमेऱ्याची चाल दर वेळी हुबेहूब तीच यायला हवी. आता अशात हाताने धरल्यासारखी थरथर कोण मुद्दाम आणणार?

1993 ला दोन गोष्टी झाल्या ज्यांचा तेव्हा एकमेकींशी काही संबंध नव्हता. अमेरिकेत एनवायपीडी ब्लू आणि होमिसाइड या पोलीस सिरीयल्सनी कॅमेरा हातात घेतला, आणि बॅबिलॉन 5 या स्पेस सिरीयलच्या पायलटने, म्हणजे सुरुवातीच्या चाचणी भागाने, मॉडेल सोडून जहाजं कॉम्प्युटरवर बनवली. कॉम्प्युटरमधल्या कॅमेऱ्याला ना रूळ ना वजन, तो हवा तसा हलवता येतो. पण हातातल्या कॅमेऱ्याची ती थरथर इथेही आणता येईल हे लगेच कोणाच्या डोक्यात आलं नाही.

आलं ते 2002 मध्ये फायरफ्लायला. जॉस व्हिडनच्या या सिरीयलमध्ये स्पेसमधलं जहाज एखाद्या हौशी लग्नाच्या व्हिडिओसारखं दिसतं, आधी फ्रेमबाहेर, मग झपकन झूम, मग कुठे फोकस. फ्लेअर हवा म्हणून त्यांनी नव्या भारी लेन्स परत पाठवल्या, कारण त्यात तो नीट येतच नव्हता!

मग 2003 ची बॅटलस्टार गॅलॅक्टिका. ती बनवणारे रोनाल्ड मूर आधी स्टार ट्रेकमध्येच लिहायचे, आणि त्यांना ती गुळगुळीत स्पेस नकोच होती, युद्धाच्या डॉक्युमेंटरीसारखं दिसायला हवं होतं. 33 नावाचा पहिला नियमित एपिसोड बघा, दर 33 मिनिटांनी हल्ला होतोय, पाच दिवसांहून जास्त कोणी झोपलेलं नाही, आणि कॅमेराही त्या माणसांइतकाच थकलेला वाटतो. मला विचाराल तर हलत्या कॅमेऱ्याचा सायफायमधला यापेक्षा चांगला वापर झालेलाच नाही, कारण तिथे थरथर ही त्या माणसांची अवस्था आहे.

पण मग ती स्टाइल झाली. 2009 च्या स्टारगेट युनिव्हर्सने तोच हातातला कॅमेरा उचलला. त्याच वर्षी जे. जे. एब्रम्सच्या स्टार ट्रेक सिनेमात लेन्सवर मुद्दाम टॉर्च मारून फ्लेअर आणले गेले, आणि ते जास्तच झालं हे त्यांनी नंतर स्वतः मान्यही केलं. तरी टीव्हीवाल्यांनी उचललं तेच, कारण आता सिरीयल सिनेमासारखी दिसायला हवी होती. डिस्कव्हरी इथून आली, वाइड फ्रेम, ॲनामॉर्फिक लेन्स (रुंद चित्र दाबून टिपणारी, जिच्यात फ्लेअरच्या आडव्या रेघा येतात), आणि फिरता कॅमेरा शांत संवादातसुद्धा. गॅलॅक्टिकात माणसं दमलेली असायची म्हणून कॅमेरा हलायचा, इथे सीन थांबल्यासारखा वाटू नये म्हणून हलतो, आणि त्यात नटाचा चेहरा वाचायला मिळत नाही हे खरं दुखणं आहे.

2019 च्या मँडलोरियन या स्टार वॉर्सच्या सिरीयलने एलईडी भिंतींसमोर, म्हणजे मागचं दृश्य दाखवणाऱ्या मोठ्या स्क्रीन्ससमोर, शूटिंग केलं, तिथे कॅमेरा फार झपकन वळवला तर भिंतीवरचं चित्र किंचित मागे पडतं, त्यामुळे तिथला कॅमेरा बराच शांत आहे आणि हेल्मेट घातलेला माणूस नुसता उभा असला तरी सीन पकडून ठेवतो.