इमिडाक्लोप्रिड : गोड्या पाण्यातील अपृष्ठवंशी प्राण्यांवरील दीर्घकालीन विषाक्तता

निओनिकोटिनॉइड वर्गातील इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक नदी, ओढे, तळी व भातखाचरे यांच्या पाण्यात अत्यल्प प्रमाणात, पण दीर्घकाळ राहिल्यास तेथील कीटक, कवचधारी व इतर अपृष्ठवंशी प्राण्यांचे जगणे, खाणे, वाढ आणि प्रजनन यांवर जे परिणाम होतात, त्यांना या संदर्भात दीर्घकालीन विषाक्तता म्हणतात. दोन ते चार दिवसांत होणारी मरतूक तीव्र विषाक्ततेत मोडते. दीर्घकालीन चाचण्या साधारणतः २१ ते २८ दिवस चालतात व त्यांत मृत्यूखेरीज हालचाल थांबणे, कात टाकण्यातील अडथळा, प्रौढावस्थेत जाण्यास होणारा विलंब आणि संततीची संख्या यांची नोंद होते.

या वर्गाचा पूर्वज मानले जाणारे नायथियाझिन हे संयुग १९७० च्या दशकात अमेरिकेत शेल कंपनीच्या संशोधकांनी तयार केले. परंतु प्रकाशात ते टिकत नसल्याने शेतीत वापरता आले नाही. जपानमध्ये शिन्झो कागाबु व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या रेणूत क्लोरोपिरिडिन गट जोडून इमिडाक्लोप्रिड मिळविले. शोधाचे वर्ष बहुधा १९८५ दिले जाते. विक्री १९९१ च्या सुमारास सुरू झाली व पुढील दोन दशकांत ते जगातील सर्वाधिक खपाच्या कीटकनाशकांपैकी एक झाले. महाराष्ट्रात कापूस, द्राक्ष, मिरची इत्यादी पिकांवरील मावा, तुडतुडे, फुलकिडे व पांढरी माशी या रसशोषक किडींसाठी ते फवारणीतून आणि बीजप्रक्रियेतून वापरले जाते; कॉन्फिडॉर व गाऊचो ही त्याची व्यापारी नावे शेतकऱ्यांच्या परिचयाची आहेत.

पाण्यात ते सहज का पोचते, हे त्याच्या गुणधर्मांवरून कळते. एका लिटर पाण्यात ते सुमारे ०.६ ग्रॅम विरघळते, मेदात फारसे विरघळत नाही आणि मातीच्या कणांना मध्यम प्रमाणातच चिकटते. बीजप्रक्रियेतून दिलेल्या द्रव्यापैकी पीक प्रत्यक्षात केवळ १.६ ते २० टक्केच शोषून घेते, असे विविध पिकांवरील मोजमापांत आढळले आहे. उरलेले मातीत राहते व पावसाच्या वाहत्या किंवा झिरपणाऱ्या पाण्याबरोबर ओढ्यांना मिळते. स्वच्छ, उथळ व ऊन लागणाऱ्या पाण्यात त्याचा अर्धायुकाल (निम्मे द्रव्य नाहीसे होण्यास लागणारा काळ) काही तासांचा असतो. या एका आकड्याच्या आधारे ते पाण्यात टिकत नाही, असे पूर्वी सर्रास लिहिले जाई. गढूळ, खोल किंवा वनस्पतींनी झाकलेल्या पाण्यात मात्र प्रकाश पोचत नाही, उदासीन पाण्यात जलविच्छेदन (पाण्यामुळे होणारे विघटन) जवळजवळ होत नाही, आणि मातीतील अर्धायुकाल तर काही महिन्यांपासून वर्षाहून अधिक असू शकतो. शिवाय मातीतून पुन्हापुन्हा भर पडत राहिल्याने प्राण्याला प्रत्यक्षात मिळणारा संपर्क प्रयोगशाळेतील अर्धायुकालावरून ठरत नाही.

कीटकांच्या मज्जासंस्थेत ॲसिटिलकोलीन हे द्रव्य निकोटिनिक ग्राहींना (संदेश स्वीकारणाऱ्या प्रथिनांना) क्षणभर जोडले जाते आणि लगेच विघटित होते. इमिडाक्लोप्रिड त्याच ग्राहींना जोडले जाते, पण त्याचे विघटन करणारे विकर (एन्झाइम) नसल्याने मज्जापेशी उत्तेजित राहतात. प्राण्यास कंप सुटतो, तो खाणे सोडतो व शेवटी निश्चल होतो. पृष्ठवंशी प्राण्यांच्या ग्राहींची रचना वेगळी असल्याने मासे व सस्तन प्राणी त्याला बरेच कमी संवेदनशील असतात. अपृष्ठवंशीयांमध्येही या बाबतीत कमालीची तफावत असून प्रस्तुत विषयातील सर्वांत महत्त्वाची अडचण तेथूनच उद्भवली.

रसायनांची जलीय विषाक्तता तपासण्याचा आंतरराष्ट्रीय प्रघात डॅफ्निया मॅग्ना या जलपिसूवर उभा आहे. ही कवचधारी असून प्रयोगशाळेत सहज वाढते आणि नराविना प्रजनन करते, त्यामुळे एकसारख्या प्राण्यांवर तुलना करता येते. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या २०२ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत तिची ४८ तासांची तीव्र चाचणी आणि २११ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत २१ दिवसांची प्रजनन चाचणी सांगितली आहे. इमिडाक्लोप्रिडसाठी ४८ तासांत निम्म्या जलपिसवांची हालचाल थांबविणारी संहती (पाण्यातील प्रमाण) लिटरला सुमारे ८५ मिलिग्रॅम आणि २१ दिवसांची निष्प्रभाव संहती (जिच्यात परिणाम दिसत नाही ती) सुमारे १.८ मिलिग्रॅम नोंदली गेली आहे. एवढे प्रमाण शेतालगतच्या पाण्यात क्वचितच होते. म्हणून या आकड्यांवरून हे द्रव्य जलचरांना जवळजवळ निरुपद्रवी ठरले.

कीटकवर्गीय जलचर तपासले जाऊ लागल्यावर चित्र पालटले. कायरोनोमस टेंटन्स या न चावणाऱ्या डासासारख्या कीटकाच्या अळ्या तळाच्या गाळात राहतात. कॅनडातील प्रयोगांत त्यांच्यासाठी ९६ तासांची अर्धमारक (निम्मे प्राणी मारणारी) संहती लिटरला ५.७५ मायक्रोग्रॅम होती, तर २८ दिवसांची ०.९१ मायक्रोग्रॅम. हायालेला ॲझ्टेका या कोळंबीसारख्या दिसणाऱ्या लहान उभयपादासाठी हेच आकडे ६५.४३ व ७.०८ मायक्रोग्रॅम निघाले. शिंपल्यासारखे दुहेरी कवच असणारे ऑस्ट्रॅकोड प्राणीही जलपिसवांच्या तुलनेत कित्येक पटींनी संवेदनशील आढळले. गोगलगाई मात्र बऱ्याच प्रमाणात सहनशील असतात.

निर्णायक ठरले ते नेदरलँड्समधील इव्हो रूसिंक व सहकाऱ्यांचे २०१३ चे प्रयोग. क्लोऑन डिप्टेरम व सीनिस होरारिया या मेफ्लाय नावाच्या, पाण्यात वाढणाऱ्या कीटकांच्या दोन जातींच्या पिल्लांसाठी ९६ तासांची निम्म्या प्राण्यांवर परिणाम करणारी संहती लिटरला अनुक्रमे १.० व १.८ मायक्रोग्रॅम होती. २८ दिवसांच्या चाचणीत दहा टक्के पिल्लांची हालचाल थांबविणारी संहती ०.०३३ व ०.०२४ मायक्रोग्रॅम, म्हणजे ३३ व २४ नॅनोग्रॅम इतकी खाली आली. जलपिसवांच्या २१ दिवसांच्या आकड्याशी तुलना केल्यास हा फरक पन्नास हजार पटींहून अधिक आहे. दोन चाचण्यांचा कालावधी व मोजमापाचा निकष वेगळा असल्याने हे गुणोत्तर काटेकोर मानू नये. पण फरकाचा आवाका पाहता त्या सबबीने फारसे काही बदलत नाही. त्याच संशोधनगटाने पुढे दाखवून दिले की मेफ्लायची उन्हाळी पिढी हिवाळ्यातून तगलेल्या पिढीपेक्षा अधिक संवेदनशील असते, तेव्हा पिल्ले कोणत्या ऋतूत गोळा केली यावरही निष्कर्ष अवलंबून राहतो.

संपर्काचा काळ वाढला की घातक संहती इतकी खाली का येते, यावर दीर्घ वाद झाला आहे. हेंक टेनेकेस या डच विषशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये असे प्रतिपादन केले की इमिडाक्लोप्रिड कीटकाच्या ग्राहींशी जवळजवळ कायमचे जोडले जाते व झालेली हानीही भरून येत नाही. विषारी वायूंच्या अभ्यासातून आलेल्या हाबर यांच्या नियमानुसार संहती व काळ यांचा गुणाकार स्थिर असतो, म्हणजे निम्म्या मात्रेला दुप्पट वेळ लागतो. द्रुक्राय व क्युप्फम्युलर यांनी कर्करोगजनकांच्या संदर्भात मांडलेल्या सुधारित सूत्रात काळाला एकाहून मोठा घातांक येतो. तसे असेल तर अल्प मात्रा दीर्घकाळ मिळाल्यास एकूण कमी विषानेही तोच परिणाम घडतो आणि पूर्णतः सुरक्षित अशी संहती तत्त्वतः उरत नाही. उत्पादक कंपनीच्या संशोधकांनी यास हरकत घेतली. ग्राहींवरील थेट मोजमापांत हे बंधन उलटणारे असल्याचे दिसते, तसेच अल्पकाळ विषसंपर्क देऊन स्वच्छ पाण्यात हलविलेले प्राणी पुष्कळदा सावरतात, हे त्यांचे मुख्य मुद्दे होत. कॅनडातील वर उल्लेखिलेल्या प्रयोगांतही अल्पकालीन संपर्कानंतर वाचलेल्या अळ्यांची वाढ बऱ्याच अंशी पूर्ववत झाली होती.

दोन्ही मते टोकाची वाटतात. परिणाम साठत जातो हे निरीक्षण अनेक जातींत पुन्हापुन्हा आलेले आहे व ते नाकारता येत नाही. त्यासाठी कायमचे बंधन मात्र गृहीत धरावे लागत नाही. शरीरातून द्रव्य संथपणे बाहेर पडणे आणि उपासमार ही दोन कारणे बऱ्याच भागाचा उलगडा करतात. यांपैकी उपासमारीकडे अधिक लक्ष देणे योग्य होईल. गॅमरस प्युलेक्स या युरोपीय ओढ्यांतील उभयपादावर स्वित्झर्लंडमध्ये झालेल्या प्रयोगांत लिटरला १५ मायक्रोग्रॅम एवढ्या स्थिर संहतीत ठेवलेले प्राणी खाईनासे झाले, त्यांच्या शरीरातील मेदाचा साठा आटला व काही आठवड्यांत मरतूक वाढली. अधिक संहतीचे, पण थोडा वेळच दिलेले डोस त्यांना तुलनेने सोसले. चार दिवसांच्या चाचणीत असा प्राणी जिवंत म्हणूनच मोजला जातो. पाण्याचे तापमान वाढले की विष शरीरात अधिक वेगाने शिरते व चयापचयही वाढतो, त्यामुळे उष्ण प्रदेशात परिणाम अधिक तीव्र असण्याची शक्यता आहे. बांगलादेशात मैमनसिंग येथे कृत्रिम लहान तळ्यांत केलेल्या प्रयोगांनी या शक्यतेला पुष्टी दिली असून क्लोऑन वंशाच्या मेफ्लायबरोबर तेथील प्राणिप्लवकांवरही (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांवरही) अत्यल्प संहतीत परिणाम आढळले. दख्खनमधील ओढे व पाझर तलाव यांसाठी युरोपीय आकड्यांपेक्षा हीच निरीक्षणे अधिक जवळची ठरतात.

प्रयोगशाळेबाहेर कारण व परिणाम यांची जोडणी अवघड होते. नेदरलँड्समधील शासकीय जलनिरीक्षणाच्या नोंदी तपासून व्हॅन डायक व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये असे दाखविले की जेथे इमिडाक्लोप्रिड लिटरला १३ नॅनोग्रॅम या तत्कालीन डच मानकाच्या वर होते, तेथे मोठ्या जलीय अपृष्ठवंशीयांची संख्या कमी होती. त्याच पाण्यात इतर कीटकनाशके व खतांचे अंशही असतात, म्हणून दोष एकाच द्रव्याकडे देता येत नाही, अशी टीका मार्टिना वायव्हर व पॉल व्हॅन डेन ब्रिंक यांनी केली आणि ती ग्राह्य धरावी लागते. कॅस्पर हालमान व सहकाऱ्यांच्या २०१४ च्या अभ्यासात लिटरला सुमारे २० नॅनोग्रॅमपेक्षा अधिक प्रमाण असलेल्या भागांत कीटकभक्षी पक्ष्यांची संख्या वर्षाला सरासरी ३.५ टक्क्यांनी घटत असल्याचे दिसले. हा सहसंबंध आहे, सिद्ध कार्यकारणभाव नव्हे.

जपानमधील शिमाने प्रांतातील शिन्जी सरोवराचे उदाहरण अधिक बोलके आहे. सभोवतीच्या भातशेतीत निओनिकोटिनॉइडांचा वापर १९९३ मध्ये सुरू झाला आणि त्याच सुमारास प्राणिप्लवक झपाट्याने घटले. त्यांवर जगणाऱ्या वाकासागी माशाचे वार्षिक उत्पादन सरासरी २४० टनांवरून २२ टनांवर आल्याचे मासुमी यामामुरो व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केले. हे पाणी किंचित मचूळ असल्याने ते गोड्या पाण्याचे शुद्ध उदाहरण नाही. तथापि विषाने मासा न मरता त्याचे अन्न संपून मासेमारी कशी कोसळते, हे इतक्या दीर्घ नोंदींसह अन्यत्र क्वचितच दिसते.

नियामक मर्यादा गेल्या काही वर्षांत झपाट्याने खाली आल्या. क्रिस्टी मॉरिसी व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये सर्व निओनिकोटिनॉइडांसाठी मिळून लिटरला ०.०३५ मायक्रोग्रॅम ही दीर्घकालीन सरासरीची मर्यादा सुचविली. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१४ मध्ये इमिडाक्लोप्रिडसाठी दीर्घकालीन स्वीकार्य संहती ०.००९ मायक्रोग्रॅम, तर अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१७ च्या प्राथमिक मूल्यांकनात ०.०१ मायक्रोग्रॅम मानली. दोन्ही आकड्यांमागे मेफ्लायची माहिती आहे. कॅनडाने २०१६ मध्ये जलीय कीटकांच्या कारणास्तव या द्रव्याचा बहुतांश शेतीवापर थांबविण्याचा प्रस्ताव मांडला होता. २०२१ च्या अंतिम निर्णयात तो मागे पडून निवडक निर्बंध आले. युरोपीय संघाने २०१८ मध्ये उघड्यावरील वापर बंद केला, मात्र तो मधमाश्यांच्या संरक्षणासाठी.

शेतीखेरीज दुसरा मार्ग अलीकडे पुढे आला आहे. कुत्र्यामांजरांच्या अंगावरील पिसवा मारण्यासाठी मानेवर सोडल्या जाणाऱ्या थेंबांतही इमिडाक्लोप्रिड असते. इंग्लंडमधील २० नद्यांतून २०१६ ते २०१८ या काळात घेतलेल्या नमुन्यांपैकी ६६ टक्के नमुन्यांत ते आढळले व सांडपाणी प्रक्रिया केंद्रांच्या खालच्या बाजूस त्याचे प्रमाण सर्वाधिक होते. अंघोळ घातलेल्या व कपडे धुतलेल्या पाण्याबरोबर ते तेथवर येत असावे, असे मानले जाते.