वेताळाच्या वहाणा आणि कल्पित देव

वेताळाला चामड्याच्या वहाणा वाहण्याची प्रथा गोव्यात आजही आहे. देव रात्री गावाची सीमा फिरून येतो, म्हणून वहाणा झिजतात आणि झिजल्या की नवा जोड द्यावा लागतो, अशी त्यामागची समजूत. फँटसी कादंबऱ्यांतील धर्म वाचताना मला तो झिजलेला तळ वारंवार आठवतो. देवांची नावे, वंशावळी आणि युद्धे रचणे तुलनेने सोपे असते. देवाला काय लागते, ते कोण आणून देते आणि दिले नाही तर काय होते, हे रचणे कठीण. या साहित्याचा इतिहास हळूहळू या दुसऱ्या प्रश्नाकडे सरकलेला दिसतो.

एका धर्माची कथा दुसऱ्या धर्माच्या शब्दांत मांडण्याचा मोठा प्रयोग गोव्याने चारशे वर्षांपूर्वी पाहिला. १५७९ मध्ये येथे आलेले इंग्रज जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. बायबलची कथा त्यांनी सुमारे अकरा हजार मराठी ओव्यांत सांगितली आणि स्वर्गाला निःसंकोच ‘वैकुंठ’ म्हटले. जुनी पुराणे बंद केलीत, तर आम्ही आता वाचायचे काय, हा नवख्रिस्ती श्रोत्याचा प्रश्न ग्रंथातच येतो. याला अर्थातच फँटसी म्हणता येणार नाही, कारण लेखकाची त्यावर श्रद्धा होती आणि वाचकाकडूनही तीच अपेक्षित होती. मात्र ओळखीच्या शब्दात नवे दैवत बसवण्याची ही रीत पुढे, या ग्रंथाशी काहीही संबंध नसलेल्या कादंबरीकारांनी श्रद्धेची अट काढून वापरली. लोकांनी तर ग्रंथाचीही वाट पाहिली नाही: शिरगावच्या लईराई देवीची एक बहीण म्हणजे म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रीस सायबीण, म्हणजे मेरी माता, असे सांगितले जाते आणि सायबिणीच्या फेस्ताला (वार्षिक उत्सवाला) हिंदू भाविकही तेल घेऊन जातात.

इंग्रजीत कोणत्याही प्रचलित धर्मातून न उचललेले स्वतंत्र देवमंडळ लॉर्ड डनसनी यांनी १९०५ मध्ये ‘द गॉड्स ऑफ पेगाना’मध्ये उभे केले. देवांना निर्माण करून झोपी गेलेला आद्यदेव जागा झाला की देव आणि सृष्टी दोन्ही संपतील, म्हणून त्याच्यापाशी एक जण अखंड ढोल वाजवीत बसलेला असतो. शेषशायी विष्णू माहीत असलेल्या वाचकाला ही कल्पना परकी वाटत नाही. जे. आर. आर. टॉल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये (१९५४–५५) देऊळ, पुजारी आणि विधी जवळजवळ नाहीत, श्रद्धाळू कॅथलिक असलेल्या टॉल्किन यांनी ते जाणूनबुजून वगळले होते. सृष्टी संगीतातून जन्मल्याची त्यांची कथा ‘द सिल्मरिलियन’मधून १९७७ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, बाहेर आली. ते पुस्तक भव्य आहे, पण वहाणांचा जोड त्यात कुठे सापडत नाही.

तो सापडतो अर्सुला ले ग्विन यांच्या ‘द टूम्ब्स ऑफ अतुआन’मध्ये (१९७१). मृत पुजारिणीचा पुनर्जन्म मानून एका लहान मुलीला आईबापांपासून तोडून आणले जाते, तिचे नाव काढून घेतले जाते आणि अनाम शक्तींच्या सेवेत ती वाढते. भुयारात दिवा नेण्यास मनाई असल्याने वाटा तिला हाताने चाचपडत, वळणे मोजत पाठ कराव्या लागतात. मुली देवाला वाहण्याची प्रथा पाहिलेल्या गोव्यात ही कादंबरी वाचताना अंगावर काटा येतो. टेरी प्रॅचेट यांच्या ‘स्मॉल गॉड्स’चा (१९९२) सूर विनोदी आहे. ओम नावाच्या देवाच्या नावाने अवाढव्य धर्मसंस्था चालते, पण त्याच्यावर मनापासून विश्वास ठेवणारा एकच साधा तरुण उरल्यामुळे देवाला कासवाच्या रूपात फरपटावे लागते. लोक देवाला नव्हे, चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांना भितात. ज्या भूमीवर १५६० ते १८१२ या काळात इन्क्विझिशन, म्हणजे श्रद्धेची चौकशी करून शिक्षा देणारे चर्चचे न्यायालय होते, तिथे हा विनोद जरा जास्तच बोचतो.

मराठीने वेगळी वाट धरली. खांडेकरांची ‘ययाति’ (१९५९), इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ आणि शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ (दोन्ही १९६७) यांत पुराणपुरुषांच्या मनाचा शोध घेताना अद्भुत मागे सरले. त्याच १९६७ मध्ये रॉजर झेलाझ्नी यांची ‘लॉर्ड ऑफ लाइट’ आली. तिच्यात परग्रहावरचे वसाहतकार यंत्रांच्या बळावर ब्रह्मा, यम, अग्नी होऊन बसतात आणि कोणाला पुढचा देह कोणता मिळावा हे ठरवतात. तिच्यातले देव पोशाखी वाटतात, पण पुनर्जन्माच्या किल्ल्या कोणाच्या हातात, हा तिचा प्रश्न बिनतोड आहे. अमिश त्रिपाठी यांच्या २०१० मधल्या ‘द इमॉर्टल्स ऑफ मेलुहा’ने शिवाला हाडामांसाचा माणूस केले, कथेला वेग आहे, पण चमत्कारामागचे विज्ञान समजावण्यात बरीच पाने खर्ची पडली आहेत.

नव्या वाचकाने आधी ले ग्विन घ्यावी, मग प्रॅचेट. डनसनी अधूनमधून दोन-चार पाने वाचण्याचा लेखक आहे. सोबत मूळचे गोव्याचे असलेले इतिहासकार दा. ध. कोसंबी यांचे ‘मिथ अँड रिॲलिटी’ (१९६२) ठेवावे. त्यात गोव्याच्या जुन्या काबिजादीतील, म्हणजे पोर्तुगिजांनी आधी जिंकलेल्या भागातील, ग्रामसंस्थेवरही एक प्रकरण आहे.

आणि जमल्यास पेडण्याकडे एक रात्र जागून दशावतार पाहावा. उत्तररात्रीच्या आख्यानात पुष्कळदा राजा कल्पित असतो, राक्षस कल्पित असतो आणि संवाद तर नट जागच्या जागी रचतात. पहाटे फुटणारी दहीहंडी मात्र खरी असते, आणि काल्याचा प्रसाद हातावर पडल्याशिवाय कोणी उठत नाही.