28 मिलिमीटर म्हणजे नेमके किती? युद्धखेळातील शिपायांच्या मापांची पार्श्वभूमी

ऐतिहासिक युद्धखेळासाठी, म्हणजे छोटे शिपाई मांडून नियमांनी जुन्या लढाया खेळण्याच्या छंदासाठी, शिपाई विकत घ्यायला निघालेल्या नवख्या माणसाला सर्वांत आधी अडवतो तो मापाचा प्रश्न. काही डब्यांवर 6, 10, 15, 20, 25, 28 किंवा 54 मिमी असे आकडे असतात, तर काहींवर 1:72 किंवा 1:56 अशी प्रमाणे छापलेली असतात. हे सगळे आकडे एकाच पट्टीवरचे असावेत असे वाटते, पण तसे ते नाहीत. दोन निराळ्या कारखान्यांचे, दोन्ही डब्यांवर 28 असे छापलेले नेपोलियनकालीन शिपाई शेजारी उभे केले की एकाची हनुवटी दुसऱ्याच्या खांद्याला लागते, आणि एकाच्या मनगटाची जाडी दुसऱ्याच्या दंडाएवढी भरते. कोणी तळपायापासून डोळ्यांपर्यंत मोजतो, कोणी डोक्याच्या टाळूपर्यंत. डोळ्यांपर्यंत मोजण्याची रीत पडली ती सोयीपोटी, कारण सैनिकाच्या डोक्यावर शिरस्त्राण, पगडी किंवा उंच टोपी असते आणि तिच्याखाली टाळू नेमकी कोठे आहे हे सांगता येत नाही. 1.7 मीटर उंचीचा माणूस धरला, तर डोळ्यांपर्यंत 28 मिमी म्हणजे सुमारे 1:57 आणि टाळूपर्यंत 28 मिमी म्हणजे सुमारे 1:61. एवढ्या फरकाने बंदुकीची लांबी आणि घोड्याची उंची दोन्ही बदलतात.

या गोंधळाचे मूळ असे की यांतले बहुतेक आकडे युद्धखेळासाठी कोणी ठरवलेलेच नाहीत. ते खेळण्यांच्या बाजारातून, संग्राहकांच्या कपाटांतून आणि खेळण्यातल्या आगगाड्यांकडून उसने आलेले आहेत.

सर्वांत जुना धागा जर्मनीतील नुरेंबर्गचा आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हिल्पर्ट घराण्याने तेथे कथलाचे चपटे शिपाई ओतण्यास सुरुवात केली. पाटीच्या दगडावर उलट कोरलेल्या दोन साच्यांमध्ये रस ओतला जाई आणि निघणारा शिपाई जाडीने एखाद्या नाण्याएवढा असे. एकोणिसाव्या शतकात एर्न्स्ट हाइनरिक्सन यांच्या पेढीने पायदळ शिपायाची उंची 28 मिमीच्या आसपास कायम केली, आणि तिच्या मालाचा पसारा एवढा होता की इतरांनाही त्या उंचीशी जुळवून घ्यावे लागले. पुढे संग्राहकांमध्ये चपट्या शिपायांसाठी 30 मिमी रूढ झाले. आजच्या 28 मिमीचा या जुन्या 28 शी थेट वारसासंबंध नाही. आकडा तोच आला हा निव्वळ योगायोग आहे, आणि तो लक्षात न घेता लिहिलेल्या वंशावळी वाचताना सावध राहिलेले बरे.

त्याच काळात प्रशियात युद्धखेळ वेगळ्याच अंगाने वाढत होता. थोरल्या राइसविट्झने 1812 मध्ये राजा तिसऱ्या फ्रीडरिश विल्हेल्मपुढे आपला खेळ मांडला आणि त्याच्या मुलाने 1824 मध्ये तो सुधारून 1:8000 प्रमाणाच्या नकाशावर आणला. तेथे शिपाई नव्हतेच, ठोकळे होते, आणि प्रत्येक ठोकळ्याची रुंदी ती तुकडी प्रत्यक्ष मैदानावर जेवढी जागा व्यापेल त्यावरून नकाशाच्या प्रमाणात काढलेली होती. म्हणजे जमीन आधी ठरली आणि सैन्य तिच्यानुसार कापले गेले. छंद म्हणून खेळणाऱ्यांनी पुढे नेमके उलट केले. हाती आलेला शिपाई आधी ठरला आणि जमीन त्याच्या पायाखाली कशीबशी बसवली गेली.

तो हाती आलेला शिपाई प्रथम 54 मिमीचा होता. लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या कंपनीने 1893 मध्ये पोकळ ओतकामाचे शिपाई बाजारात आणले. साच्यात शिशाचा रस ओतायचा, कडेचा थर गोठताच आतला रस झटकन उलटून परत काढायचा, आणि उरलेले कवच म्हणजे शिपाई. धातू वाचला, वजन घटले, किंमत उतरली आणि जर्मन भरीव शिपायांची इंग्लंडातील सद्दी मोडली. 54 मिमी हे माप त्या वेळच्या एक नंबर गेजच्या, म्हणजे 45 मिमी रुळांच्या, खेळण्यातील आगगाडीला शोभणारे होते. एच. जी. वेल्स यांनी 1913 मध्ये ‘लिटल वॉर्स’ हे नियमांचे पुस्तक काढले तेव्हा समोर हेच शिपाई होते आणि स्प्रिंगच्या जोरावर लाकडी दंडगोल फेकणारी खेळण्यातली तोफ होती. पायदळाने एका खेळीत एक फूट जायचे आणि घोडदळाने दोन फूट, असा त्यांचा हिशेब होता. शिपायाचे माप आणि जमिनीचे माप वेगळे असावे लागते हा विचारच तेथे उद्भवत नव्हता, कारण तोफ खरोखर उडत होती आणि शिपाई खरोखर पडत होता.

दिवाळीत अंगणात किल्ला केलेल्या कोणालाही हे लगेच समजेल. आपल्या मातीच्या किल्ल्यावर महाराज दरवाज्यापेक्षा उंच असतात, बुरुजाइतकी गवळण पायथ्याला उभी असते आणि तिच्या शेजारचा मावळा तिच्या कमरेला लागतो, तरी कोणाचेही काही बिघडत नाही. माप बोचू लागते ते अंतरे मोजून हार-जीत ठरवायची वेळ आली की.

ती वेळ दुसऱ्या महायुद्धानंतर आली. अमेरिकेत जॅक स्क्रूबी यांनी 1957 मध्ये ‘वॉर गेम डायजेस्ट’ हे नियतकालिक सुरू केले आणि इंग्लंडात डोनाल्ड फेदरस्टोन यांनी 1962 मध्ये ‘वॉर गेम्स’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. खेळ जमिनीवरून टेबलावर चढला होता, तोफेची जागा फाशांनी घेतली होती आणि 54 मिमीच्या दोन पलटणी मांडल्या की टेबल संपत होते. या अडचणीवर उपाय पुन्हा आगगाडीकडूनच आला. एअरफिक्सने 1959 पासून मऊ प्लॅस्टिकचे छोटे शिपाई विकायला काढले आणि डब्यावर ‘एचओ/ओओ’ असे जोडमाप छापले. वास्तविक ही खेळण्यातल्या आगगाड्यांची दोन वेगळी मापे आहेत, एचओ म्हणजे 1:87 आणि ओओ म्हणजे 1:76. ब्रिटिश इंजिने युरोपीय इंजिनांहून अंगाने लहान असल्यामुळे त्या काळची मोटर 1:87 च्या सांगाड्यात मावत नव्हती. म्हणून रूळ 16.5 मिमीचेच ठेवून वरची गाडी तेवढी मोठी केली गेली. रेल्वेच्या छंदातील ही तडजोड तिरक्या रेघेसकट युद्धखेळात आली आणि ‘20 मिमी’ या सैल नावाखाली स्थिरावली. हे शिपाई मुलाच्या खाऊच्या पैशांत येत, एका डब्यात चाळीस-पन्नास निघत, आणि संगिनीवरचा रंग दुसऱ्याच लढाईत टवका होऊन उडे. तरीही ब्रिटनमधील एक अख्खी पिढी युद्धखेळाकडे वळली ती यांच्यामुळे, असे मला वाटते.

धातूचे शिपाई करणारे छोटे कारखानेही याच सुमारास उभे राहिले. रबराच्या गोल साच्यात शिसे-कथलाचा रस सोडून तो गरगर फिरवायचा, ही पद्धत एखाद्या शेडमध्येही चालवता येण्याइतकी स्वस्त होती. साउदॅम्प्टनच्या मिनिएचर फिगरिन्ससारख्या कारखान्यांनी 20 मिमीपासून सुरुवात केली, पण 1960 च्या दशकाच्या अखेरीस त्यांचा माल 25 मिमीवर गेला.

या सगळ्यात केवळ युद्धखेळाच्या गरजेतून जन्मलेली मापे मोजकीच, आणि त्यांत 15 आणि 6 मिमी ठळक आहेत. पीटर लेंग यांनी 1970 च्या दशकाच्या आरंभी 15 मिमीचे शिपाई आणले. 1:300 चे, म्हणजे जेमतेम 6 मिमीचे, शिपाई आणि रणगाडे त्याच दशकात पसरले. 1969 मध्ये स्थापन झालेल्या वॉरगेम्स रिसर्च ग्रुपने तर शिपायाच्या उंचीपेक्षा त्याच्या पायाखालच्या पट्टीला, म्हणजे बेसला, महत्त्व दिले. 25 मिमीसाठी पट्टीची रुंदी 60 मिमी आणि 15 मिमीसाठी 40 मिमी असे ठरले, आणि त्याच गटाच्या 1990 मधील ‘डीबीए’ (डी बेलिस अँटिक्विटाटिस) नियमांत अख्खे सैन्य अशा 12 पट्ट्यांवर आले. निरनिराळ्या कारखान्यांचे शिपाई एकमेकांसमोर लढू शकतात ते प्रामुख्याने या पट्टीमुळे. उंची जुळली नाही तरी चालते, रुंदी जुळावी लागते.

याचा अर्थ आपल्याकडच्याच एका रणभूमीवर तपासून पाहता येतो. 23 सप्टेंबर 1803 रोजी जालना जिल्ह्यातील असई येथे केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात ईस्ट इंडिया कंपनीचा सेनापती आर्थर वेलस्ली याची फौज शिंदे-भोसल्यांच्या सैन्यावर चालून गेली. त्या बेचक्यात लढाईची आघाडी सुमारे एक मैलाची होती. 600 जणांची एक पलटण दोन रांगांत उभी राहिली आणि एका माणसाला 55 सेंटिमीटर जागा धरली, तर तिची रुंदी 165 मीटर होते. 28 मिमीमध्ये एका शिपायामागे 20 माणसे धरून 30 शिपायांची पलटण केली आणि प्रत्येकाला 20 मिमीची बैठक दिली, तर ती टेबलावर 30 सेंटिमीटर जागा घेते. म्हणजे जमिनीचे प्रमाण 1:550 झाले आणि तो एक मैल जवळजवळ तीन मीटर लांब झाला. शिपाई मात्र 1:57 चा, जमिनीच्या दसपट मोठा. त्याला शोभेल असे दहा-बारा सेंटिमीटरचे एक घर असईच्या जागी ठेवले की ते पंचावन्न ते पासष्ट मीटर जमीन झाकते, आणि दोन घरे ठेवली की तोफांना जागाच उरत नाही. 15 मिमीच्या चार पट्ट्यांची पलटण केली तर मैल दीड मीटरवर येतो. 6 मिमीमध्ये 60 मिमीच्या एकाच पट्टीवर पलटण बसवली तर तो 58 सेंटिमीटरचा होतो, आणि सारी लढाई घरच्या जेवणाच्या टेबलावर मांडून वर चहाचा कप ठेवायलाही जागा राहते. शिंद्यांकडची पोलमन या युरोपीय अधिकाऱ्याच्या हाताखालची कवायती फौजच सुमारे 10,800 होती. तेवढीच 28 मिमीमध्ये उभी करायची म्हटली तरी 540 शिपाई रंगवावे लागतात, आणि घोडदळ अजून बाजूलाच आहे.

हिशेब असा लहान मापांच्या बाजूने असूनही बाजार मोठ्या मापांकडे सरकत गेला. 1980 च्या दशकात कल्पनारम्य खेळांचा, विशेषतः 1983 मध्ये आलेल्या वॉरहॅमरचा, जोर वाढला आणि त्याचे शिपाई घडवणाऱ्यांनी ठळक चेहरा, मोठे हात आणि जाड हत्यारे यांची सवय लावली. तीन फुटांवरून पाहताना डोळ्यांना हेच दिसते आणि ब्रशला हेच सोपे जाते. तेच कारागीर ऐतिहासिक शिपाईही घडवत असल्यामुळे 25 मिमी हळूहळू 28 झाले आणि काही ठिकाणी 30 च्याही पुढे गेले. या वाढीला लगाम घालण्यासाठी टोबी बॅरेट यांनी सुचवलेली पद्धत मला सर्वांत समंजस वाटते. तळपायापासून डोळ्यांपर्यंतची उंची मिलिमीटरमध्ये लिहायची आणि पुढे बांधा हलका, मध्यम की भारी ते एका अक्षराने सांगायचे. खरेदीदारांनी ती उचलली, पण डब्यावर आपला शिपाई ‘भारी’ आहे असे छापण्याचा उत्साह कारखान्यांनी फारसा दाखवला नाही.

2007 च्या सुमारास पेरी बंधू या ब्रिटिश शिपाईकारांसारख्यांनी कडक प्लॅस्टिकचे ऐतिहासिक शिपाई काढले आणि 28 मिमीचे आसन पक्के झाले, कारण पोलादी साच्याचा मोठा खर्च एकदा एका मापावर केला की तो दुसऱ्यावर सहज नेता येत नाही. न्यूझीलंडच्या बॅटलफ्रंटने 2002 पासून दुसऱ्या महायुद्धासाठी 15 मिमीला नवी उभारी दिलीच होती. 2021 मध्ये वॉरलॉर्ड गेम्सने अमेरिकन यादवी युद्धासाठी दहा-दहा शिपायांच्या सलग पट्ट्या आणल्या, आणि त्यांचे माप निघाले 13.5 मिमी, म्हणजे आधीच्या कोणत्याही घरात न बसणारे.

त्रिमितीय छपाईने आता मापाचा आकडा संगणकावर बदलता येतो. 28 चा शिपाई 54 टक्क्यांवर आणला की तो 15 चा होतो. मात्र त्याच्या हातातली 0.8 मिमीची तलवारही त्याच हिशेबाने 0.4 मिमीवर येते आणि छपाईवेळी खाली दिलेले आधार काढतानाच तुटते. म्हणून लहान मापासाठी मनगटे आणि हत्यारे मुद्दाम जाड करून शिपाई पुन्हा घडवावा लागतो.